आलेले अक्षर जाऊ नये म्हणून



आपल्या मराठीत बोलण्याची एक गमतीची रीत आहे. पोरगा विहिरीत हातपाय मारू लागला की आपण म्हणतो, त्याला पोहणे आले. तसाच पाढा आला, वाचता आले, हिशेब आला. जणू विद्या ही कुणी पाहुणी आहे. आपल्या पायांनी चालत येते आणि ओसरीवर टेकते. पण पाहुणा आला म्हणजे तो राहिलाच, असे नाही. चार दिवस कुणी त्याची विचारपूस केली नाही, तर तो पिशवी उचलून निघून जातो. विद्येचेही तसेच आहे. बुद्धीला व्यायाम द्यावा, हे आपण सगळेच एकमेकांना सांगतो. तो किती दिवस दिला म्हणजे त्याचे फळ टिकेल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. आज त्याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी विचारला गेला आहे बरं का! पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी सातारा जिल्ह्यात एक पाहणी केली. तिचा अहवाल १९४५ साली प्रसिद्ध झाला. शाळेत जाऊन लिहा-वाचायला शिकलेली मुले शाळा सुटल्यावर पुन्हा निरक्षर होतात काय, हा त्या पाहणीचा विषय. पुढे १९५५ साली गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी त्याच जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्यांचे पुस्तक काढले. शेतात, बाजारात, पारावर बसणारा माणूस शाळेत शिकलेले किती राखून आहे, हे गावोगाव जाऊन तपासायचे, ही कल्पनाच त्या काळात नवी होती.

त्यातून निघालेला बोध साधा आहे. जो पोरगा पहिली-दुसरीतूनच शाळेबाहेर पडला, त्याचे अक्षर लवकर पुसले गेले. जो निदान चौथी करून निघाला, त्याचे बहुतांशी टिकले. आता यातली खोच पाहा. मुळाक्षरे आणि बाराखडी दोघांनीही तीच शिकली. तिसरीत आणि चौथीत काही नवे 'क' आणि 'ख' शिकवत नाहीत. मग फरक कशाने पडला? तर दुसऱ्या पोराने तीच अक्षरे आणखी दोन वर्षे वापरली. धडे वाचले, शुद्धलेखन लिहिले, गणितातले प्रश्न वाचून सोडवले. अक्षर 'आले' होते पहिलीत. ते त्याचे स्वतःचे झाले चौथीत. वरवर पाहता त्या दोन वर्षांत अक्षरांच्या बाबतीत नवे काहीच घडले नाही, आणि खरे काम त्याच दोन वर्षांत झाले.

हीच गोष्ट प्रौढांच्या बाबतीत आपण फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली. १९५९ साली सातारा जिल्ह्यातच ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग ती राज्यभर पसरली. रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग भरत. गुरुजी शिकवीत, शिकलेली पोरेही शिकवीत. सुमारे चार महिन्यांचा अभ्यास. सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. या मोहिमेची कीर्ती परदेशांत पोचली आणि १९७२ साली तिला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. कौतुक व्हावे असेच ते काम होते. पण समारंभ झाला, मांडव निघाला, आणि पुढे पुष्कळ ठिकाणी त्या नवसाक्षरांच्या हाती वाचण्याजोगे काही पडेना. पाठपुरावा तोकडा पडला आणि अनेकांचे अक्षर पुन्हा गेले, अशी टीका शिक्षणतज्ज्ञांनी केली, ती रास्त होती. चूक शिकवण्यात नव्हती, थांबण्यात होती. बी उगवले म्हणून पाणी तोडावे, तसे ते झाले.

असे का होते? जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस नावाच्या विद्वानाने हे स्वतःवरच तपासून पाहिले. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करी, आणि काही वेळाने पुन्हा पाठ करून किती कष्ट वाचले ते मोजी. तासाभरात निम्म्याहून अधिक गेले. एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश गेले. महिन्याने पाहिले तेव्हा जेमतेम पंचमांश शिल्लक होते. अर्थ असलेली गोष्ट इतक्या लवकर जात नाही, हे उघड आहे. पण जाण्याची चाल तीच. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू.

याच प्रयोगाची दुसरी बाजू शिक्षक मंडळींनी ध्यानात घ्यावी. गेले असे वाटते, ते सगळे गेलेले नसते. दुसऱ्यांदा शिकायला पहिल्याइतके कष्ट पडत नाहीत. शेतातली पाऊलवाट पावसाळ्यात गवताखाली जाते, तरी तिची माती दबलेली असते. चार माणसे चालली की वाट पुन्हा दिसू लागते. म्हणून "याला सगळे शिकवले होते, हा सगळे विसरला," असे म्हणून पोराला खाली बसवू नये. त्याला त्या वाटेवरून पुन्हा एकदा चालवावे.

मेंदूतही असेच काहीसे घडते. २००४ साली जर्मनीतील संशोधकांनी काही तरुणांना तीन चेंडू एकामागून एक हवेत उडवून झेलायला शिकवले. आपल्याकडचा डोंबारी करतो तोच खेळ. तीन महिन्यांच्या सरावानंतर मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा हलणारी वस्तू टिपण्याशी संबंध असलेला मेंदूचा भाग किंचित वाढलेला दिसला. मग तीन महिने सराव बंद ठेवला. पुन्हा चित्रे घेतली, तो वाढ बरीचशी ओसरलेली! तालमीत जाणाऱ्याचे दंड तालीम सुटली की उतरतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मेंदूचे आपल्याला दिसत नाही, एवढेच.

मग जन्मभर घोकतच बसायचे काय? कुणी असे विचारील, आणि विचारणे योग्यही आहे. त्याचे उत्तर धीर देणारे आहे. १९८४ साली अमेरिकेतील बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सातशेहून अधिक माणसांची परीक्षा घेतली. यांपैकी बहुतेकांनी शाळा-कॉलेजात स्पॅनिश भाषा शिकून मग सोडून दिली होती. कुणी नुकतीच, कुणी तब्बल पन्नास वर्षांपूर्वी. असे दिसले की पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरेच विसरले जाते. पण त्यानंतर जे उरते, ते पुढे पंचवीस-तीस वर्षे जवळजवळ जसेच्या तसे राहते. आणि हा उरलेला साठा कुणाचा मोठा? ज्यांनी ती भाषा अधिक वर्षे शिकली आणि चांगली शिकली, त्यांचा. एकच वर्ष शिकलेल्याजवळ फारसे काही उरले नव्हते. म्हणजे आपल्या चौथीचीच गोष्ट पुन्हा आली. एका मर्यादेपलीकडे अभ्यास नेला, की त्यातला काही भाग पक्का होतो. त्या मर्यादेच्या अलीकडे थांबलो, तर केलेले कष्टही हातचे जातात.

"ही सगळी पोरासोरांची गोष्ट झाली, आमची साठी उलटली, आमचे काय?" असे आजोबा-आजी म्हणतील. त्यांच्यासाठी आणखी एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील २,८३२ स्त्रीपुरुषांचे चार गट पाडले. एकाला स्मरणाच्या युक्त्या शिकवल्या. दुसऱ्याला तर्काचा सराव दिला, म्हणजे आकड्यांचा किंवा अक्षरांचा क्रम ओळखून पुढचा सांगायचा. तिसऱ्याला, पडद्यावर क्षणभर चमकलेली वस्तू चटकन टिपायला शिकवले. चौथ्याला काहीच नाही. शिकवणी किती, तर पाच-सहा आठवड्यांत तास-सव्वा तासाच्या दहा बैठका. मग त्यांतल्या काही जणांना सुमारे अकरा महिन्यांनी आणि पुन्हा पस्तीस महिन्यांनी उजळणीच्या चार-चार बैठका दिल्या.

पहिले निकाल २००२ साली आले आणि दहा वर्षांनंतरचे २०१४ साली. दहा वर्षांनीही तर्काच्या आणि नजरेच्या वेगाच्या गटांना त्या त्या बाबतीत फायदा उरलेला होता. ज्यांची उजळणी झाली होती, त्यांना अधिक. स्मरणाच्या गटाचा फायदा मात्र तोवर विरून गेला होता. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. उतारवयातही बुद्धी शिकते आणि शिकलेले राखते, ही पहिली. आणि दुसरी अशी की, ज्याचा सराव केला तेच सुधारते. तर्काचा सराव केल्याने स्मरण वाढत नाही. तेव्हा, "हे कोडे रोज सोडवा, म्हातारपणी काहीच विसरणार नाही," असे कुणी सांगू लागला, तर त्याला हात जोडावेत आणि पुढे चालू लागावे. ज्या कामासाठी बुद्धी हवी, त्याच कामाचा सराव करावा. आणि घरातले माणूस अचानक रस्ते, नावे, रोजची कामे विसरू लागले, तर कोडी देत न बसता त्याला डॉक्टरकडे न्यावे.

आता मी आपल्याला आपल्याच जिल्ह्याकडे परत नेतो. मी सोलापुरात शिकवतो. पंढरपूर आमच्या जिल्ह्यात. ज्याने शाळेचा उंबरा पाहिला नाही, असा वारकरी सगळा हरिपाठ न अडखळता म्हणतो. ऐंशीव्या वर्षीही म्हणतो. त्याला हे कसे साधले? त्याची नेमणूक पाहा. हरिपाठ रोज संध्याकाळचा. दर पंधरवड्याला एकादशी. त्या दिवशी भजन, कीर्तन, जागर. वर्षातून एकदा गावाचा सप्ताह. आणि वर्षाची वारी. रोजचे थोडे, पंधरवड्याचे जरा जास्त, वर्षाचे भरपूर. शिवाय हे सगळे एकट्याने नाही, मंडळीत. एकाचा शब्द चुकला तर शेजारचा टाळकरी त्याला सावरून घेतो. मानसशास्त्राचे पंडित ज्याला अंतराअंतराने केलेली उजळणी म्हणतात, ती आपल्या गावात कुणी न सांगता चालू आहे. भक्ती हे त्याचे मूळ खरे. पण स्मरणाला त्याचा लाभ होतो, हेही तितकेच खरे.

आणि वापर सुटला की काय होते, त्याचेही उदाहरण घरचेच आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी ही नावे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. अपूर्णांकांचे हे पाढे पूर्वी शाळेत रोज खणखणीत आवाजात म्हटले जात. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, शेराला चार पावशेर. पाव आणि पाऊण यांवाचून दिवस जात नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५८ पासून किलोग्रॅम, मीटर टप्प्याटप्प्याने आले. त्याने व्यवहार सोपा झाला, यात शंका नाही. पण पावकी-दीडकीची रोजची गरज सरली आणि ते पाढेही तोंडातून गेले. पाढ्यांत खोट नव्हती. बाजाराने त्यांना बोलावणे बंद केले. जे रोजच्या कामात लागत नाही, ते नुसत्या शिस्तीने फार काळ टिकत नाही.

हे सगळे आजच का सांगतो? केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना लिहिणे, वाचणे आणि आकडेमोड शिकवायची आणि शेवटी चाचणी घ्यायची, असे त्याचे स्वरूप. आपल्या राज्यातही या चाचणीला गावोगावच्या बाया बसल्या, कुणी नातवाचे बोट धरून आल्या. त्या उत्तीर्ण झाल्या, याचा आनंद आहे. पण ग्राम शिक्षण मोहिमेचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. चाचणीचा दिवस हा त्यांच्या अक्षराचा पहिलीचा निकाल आहे असे समजा. चौथी अजून व्हायची आहे.

ही चौथी झाली नाही तर काय जाते? ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. किती घेतली, किती फिटली, हे मुकादमाच्या वहीत असते. जिला वाचता येते, ती म्हणते, "दादा, वही जरा इकडं दाखवा." जिचे अक्षर गेले, ती अंगठा पुढे करते. कारखान्याची वजनपावती, दूध डेअरीचे कार्ड, बचतगटाचे पासबुक, सातबाऱ्याचा उतारा, औषधाच्या बाटलीवरची तारीख, या सगळ्यांची तीच कथा. साक्षरतेचा खरा निकाल अशा ठिकाणी लागतो, आणि तो दर आठवड्याला लागतो.

म्हणून काही कामे सुचवितो. ती खर्चाची नाहीत.

शिक्षक मित्रहो, नवा धडा सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे जुन्यासाठी ठेवा. काल शिकवलेले आज विचारा. तेच आठ दिवसांनी, मग महिन्याने, मग सहामाहीनंतर विचारा. आणि विचारताना पुस्तक मिटलेले असू द्या. तेच पान पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याने अधिक टिकते, असे अलीकडच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. पोराला आठवायला वेळ द्या. तो अडतो, डोके खाजवतो, त्या वेळी त्याची बुद्धी कामाला लागलेली असते. चुकला तर लगेच बरोबर काय ते सांगा, म्हणजे चूक मुरणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीनंतर, आणि आईबापांबरोबर फडावर जाऊन आलेल्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच, पहिले आठ-पंधरा दिवस जुन्या वाटेवरून चालण्यासाठी राखून ठेवा. ते दिवस वाया गेले असे वाटते, पण पुढचे सहा महिने त्यांवर उभे राहतात.

गावातल्या शिकलेल्या तरुणांना माझे सांगणे असे. आईचे, चुलतीचे, शेजारच्या मावशीचे काम झटपट उरकून देण्याची घाई करू नका. आपण मोबाइल हातात घेतो, पटकन वाचतो आणि सांगून मोकळे होतो. त्यात प्रेम असते, पण त्यानेच तिचे अक्षर मारले जाते. विजेचे बिल तिच्याच हाती द्या. "मावशी, किती आलंय वाचा बरं," असे म्हणा आणि गप्प बसा. ती अक्षर अक्षर जुळवील. वेळ लागेल, लागू द्या.

बचतगटाच्या भगिनींनी एक नियम करावा. वही लिहिण्याचे काम एकीकडेच वर्षानुवर्षे ठेवू नये. दर महिन्याला पाळी बदलावी आणि बैठकीच्या शेवटी जिची पाळी असेल तिने जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. गावात ग्रंथालय असेल, तर मोठ्या टाइपाची, सोप्या भाषेची वीस-पंचवीस पुस्तके वेगळ्या फळीवर लावावीत आणि ती हातोहात घरी पोचवावीत. नवे वाचायला शिकलेले माणूस ग्रंथालयाची पायरी चढायला लाजते. पुस्तकानेच त्याच्या दाराशी जावे.

आणि आजोबा, आजी, आपण काय करावे? जे काम नातवंडे आपल्या हातून काढून घेऊ पाहतात, ते सोडू नका. बाजाराचा हिशेब तोंडी करा आणि मग यंत्रावर ताडून पाहा. वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून संध्याकाळी पारावर, न पाहता, सांगा. एखादी नवी गोष्ट शिकायला घ्या, पण आठ दिवसांच्या हौसेने घेऊ नका. वर्षभर चालेल इतकीच लहान घ्या.

या कामात कंटाळा येतो, हे मी नाकारीत नाही. शिकण्याच्या पहिल्या दिवसांत उत्साह असतो, कारण रोज काहीतरी नवे येते. नंतरच्या दिवसांत तेच ते येते, प्रगती दिसत नाही, आणि माणसाला वाटते की आता पुरे. गाडगीळांच्या पाहणीतील चौथीच्या पोरालाही तसेच वाटले असेल. पण तो आणखी दोन वर्षे बाकावर बसला.

पुढच्या एकादशीला संध्याकाळी भजनाला मंडळी जमतील. तुमच्या आळीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत वाचायला शिकलेली एखादी बाई किंवा एखादा गडी असेलच. भजन सुरू होण्यापूर्वी त्यांच्या हाती ग्रामपंचायतीची नोटीस किंवा बचतगटाची वही द्या आणि चार ओळी मोठ्याने वाचायला सांगा. दर एकादशीला हे चालू ठेवा. वर्षाच्या चोवीस एकादश्या झाल्या, की त्या माणसाला वाचायला शिकवल्याचे खरे श्रेय तुमच्या गावाने खुशाल घ्यावे.